गुरुवारी नेट एक मिनिट मरतं आणि मग दिवसभर भारी चालतं: स्पॅनिंग ट्रीचा रूट कुठे बसलाय ते बघा

कॉलेजचं नाव सांगत नाही, पुण्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज एवढंच समजा. सात ठिकाणी सात मॅनेज्ड (म्हणजे आत शिरून सेटिंग बदलता येणारे) स्विच आहेत आणि ते सांभाळायला मी आणि एक अर्धवेळ पोरगा. आमच्याकडे जवळजवळ वर्षभर एक दुखणं चालू होतं आणि ते शेवटी ज्या पद्धतीने सुटलं ते लिहून ठेवतोय, कारण तोपर्यंत आम्ही एक स्विच बदलला होता, दोन पॅच पॅनल पुन्हा पंच केले होते, आणि फायरवॉल बदलायचं कोटेशनसुद्धा टेबलावर येऊन पडलं होतं. यातलं काहीच लागलं नाही.

तक्रार अशी होती. कॉम्प्युटर डिपार्टमेंट आणि हॉस्टेल, फक्त हे दोनच, यांचं नेट मध्येच जायचं. लायब्ररी चालू, ऑफिस चालू, सर्व्हर रूममधून बाहेर पिंग व्यवस्थित. मिनिटाभरात आपोआप यायचं. मिनिटभर नेट गेलं तर काय बिघडतं असं वाटेल, पण नेमकी लॅबमध्ये ऑनलाईन टेस्ट चालू असायची आणि साठ पोरं एकदम लॉगआऊट, मग त्यांचे सर तावातावाने माझ्या केबिनमध्ये. मी पोचेपर्यंत सगळं सुरळीत. "आता चालू आहे ना सर?" "आता आहे हो, पण मघाशी नव्हतं!" हा संवाद वर्षभरात किती वेळा झाला असेल ते मोजलं नाही.

मी तारखा वहीत लिहायला लागलो. दोन महिन्यांनी बघितलं तर सगळे गुरुवार. दर गुरुवारी नाही, पण जेव्हा व्हायचं तेव्हा गुरुवारीच. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास एकदा आणि दुपारी उशिरा एकदा. आता पुण्यात गुरुवार म्हटलं की कोणालाही लाईटच आठवेल, दुरुस्तीच्या कामांसाठी गुरुवारी लाईट जाते हे इथे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत. मलाही आठवलं. पण मी ते झटकून टाकलं, कारण मुख्य इमारत, लायब्ररी, कॉम्प्युटर, हॉस्टेल सगळं जनरेटरवर आणि प्रत्येक रॅकला यूपीएस आहे, मी स्वतः यूपीएसचे लॉग तपासले, एकही स्विच रीस्टार्ट झालेला नव्हता. निदान जे मी तपासले त्यातला नव्हता.

दुसरा धागा एका पोराने दिला. हॉस्टेलमधला थर्ड इयरचा, वायफायचा पासवर्ड रीसेट करायला आला होता, जाता जाता म्हणाला, सर गुरुवारी नेट एकदम भारी चालतं हो, बाकीच्या दिवशी काय होतं त्याला? मी हसून सोडून दिलं. रात्री घरी ग्राफ उघडून बघितले तर खरंच, गुरुवारी साधारण दहा ते चार हॉस्टेलचा स्पीड बाकीच्या दिवसांपेक्षा कितीतरी पट, शंभर एमबीपीएसच्या वर सहज. आणि बाकीच्या दिवशी आलेख शंभरच्या खाली सपाट, जणू कोणी वर पट्टी ठेवून रेघ मारलीये. गिगाबिटच्या लिंकवर शंभरला सपाट रेघ म्हणजे मध्ये कुठेतरी शंभरचा तुकडा आहे, दुसरं काही असूच शकत नाही. पण कॉम्प्युटर डिपार्टमेंट ते सर्व्हर रूम सरळ फायबर आहे आणि ती गिगाबिट आहे!

इथे मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं, कागद घेतला.

आधी चित्र काढा, आठवणीतून नाही

भिंतीवर लावलेला नकाशा आमच्याकडे होता, कोणे एके काळी कोणीतरी छान रंगीत काढलेला, त्यात आठ लिंक होत्या. तो बाजूला ठेवला आणि प्रत्येक स्विचवर एलएलडीपीचे शेजारी विचारले (एलएलडीपी म्हणजे स्विच एकमेकांना आपली ओळख सांगतात तो प्रोटोकॉल; कमांड कंपनीनुसार थोडी वेगळी असते, बहुतेकांत ‘शो एलएलडीपी नेबर्स’च्या आसपास काहीतरी). प्रत्येक स्विच म्हणजे एक बिंदू, प्रत्येक केबल म्हणजे एक रेघ. इमारत कुठे आहे, फायबर झाडाखालून गेली की गटारातून, हे सगळं विसरायचं. गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं तेच केलं होतं, आकार, अंतरं, रस्ते सगळं विसरून फक्त जमिनीचे चार भाग आणि त्यांना जोडणारे सात पूल एवढंच ठेवलं.

आमच्या रेघा नऊ निघाल्या. सर्व्हर रूम ते लायब्ररी, सर्व्हर रूम ते कॉम्प्युटर, सर्व्हर रूम ते ऑफिस, लायब्ररी ते कॉम्प्युटर, ऑफिस ते सेमिनार हॉल, कॉम्प्युटर ते हॉस्टेल, या सहा गिगाबिट. मग लायब्ररी ते वर्कशॉप आणि कॉम्प्युटर ते वर्कशॉप, या दोन जुन्या, शंभर एमबीपीएसच्या मीडिया कन्व्हर्टरवर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे छोटे डबे). आणि नववी, जी नकाशात नव्हतीच, सेमिनार हॉल ते लायब्ररी. कुठल्यातरी वेबिनारच्या वेळी घाईत ओढलेली आणि मग तशीच राहिलेली.

साहजिकच पहिला संशय या नवव्या केबलवर गेला. घरात आगंतुक पाहुणा सापडला की चोरीचा आळ त्याच्यावरच येतो. केबल काढली, आठवडाभर वाट बघितली, गुरुवारी परत तेच. बिचारी निर्दोष होती, परत लावली.

आता थोडं गणित. जोडलेल्या ग्राफमध्ये (म्हणजे अशा बिंदू-रेघांच्या चित्रात) बिंदू सात आणि रेघा नऊ असतील तर स्वतंत्र चक्रं, म्हणजे फिरून त्याच बिंदूवर आणणाऱ्या वाटा, किती? रेघा वजा बिंदू अधिक एक, म्हणजे ९ − ७ + १ = ३. हे सूत्र इलेक्ट्रिकलवाल्यांना मेश मोजताना भेटतं आणि त्याचं मूळही तिथलंच आहे, केसीएल-केव्हीएलवाल्या किरचॉफने १८४७ मध्ये सर्किटमधली स्वतंत्र लूप मोजताना हाच विचार केला होता. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच की नेटवर्कमध्ये तीन चक्रं आहेत म्हणजे सगळे स्विच आणि केबली चालू असताना बरोबर तीन लिंक बंद असायला हव्यात. दोन बंद दिसल्या तर कुठेतरी लूप फिरतोय, चार बंद दिसल्या तर कोणीतरी तुटलंय. स्विचवर ब्लॉक झालेले पोर्ट मोजा आणि या आकड्याशी ताडून बघा, पाच मिनिटांची तपासणी आहे आणि मी ती बारा वर्षांत कधी केली नव्हती, खोटं कशाला बोलू.

चक्रं बंद का करावी लागतात ते माहीत असेलच, तरी एका वाक्यात सांगतो. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती टप्पे जगायचं याची मर्यादा, असतो, फिरत राहिलं तरी कधीतरी मरतं, इथरनेटच्या फ्रेमला तसं काहीच नाही, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेली फ्रेम) चक्रात अडकला की तो फिरतच राहतो, प्रत्येक स्विच त्याच्या आणखी प्रती काढतो, आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क झोपतं. यावर १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंटमध्ये असताना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल (एसटीपी) काढला, १९९० मध्ये तो आयट्रिपलईच्या ८०२.१डी मानकात आला. सगळे स्विच आपापसात बीपीडीयू नावाचे छोटे निरोप पाठवतात, एकाला रूट, म्हणजे झाडाचं मूळ, मानतात, आणि चक्र मोडेल इतक्या लिंक गप्प बसवतात. उरतं ते झाड, सात बिंदूंना सहा रेघा.

खरी गोम: झाड कुठलं?

सहा रेघांचं झाड, पण कुठल्या सहा? आमच्या या ग्राफमधून वेगवेगळी २९ स्पॅनिंग झाडं निघतात (इलेक्ट्रिकलच्या सरांनी डिटर्मिनंट मांडून काढलं, मी हाताने मोजून ताळा केला, २९च). त्यातलं कुठलं निवडायचं हे प्रोटोकॉल ठरवतो आणि इथे माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं एक चुकीची समजूत बसली होती. नाव स्पॅनिंग ट्री म्हणून मला वाटायचं हे क्रुस्कल किंवा प्रिमच्या रीतीने निघणारं मिनिमम स्पॅनिंग ट्री, म्हणजे एकूण कॉस्ट (लिंक जितकी स्लो तितकी जास्त) सगळ्यात कमी येईल असं झाड आपोआप निघत असणार, म्हणजे शंभरच्या स्लो लिंक आपसूक बाजूला पडणार. तसं नाहीये. एसटीपी रूटपासून प्रत्येकाला सगळ्यात स्वस्त वाट काढतो, बस, बाकीच्यांना एकमेकांकडे जायला किती वळसा पडतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे सगळं काही रूट कोण यावर अवलंबून.

आणि रूट कोण? ज्याचा ब्रिज आयडी सगळ्यात लहान तो. ब्रिज आयडी म्हणजे आधी प्रायॉरिटी, मग मॅक ॲड्रेस (स्विचला कारखान्यातच मिळालेला नंबर). प्रायॉरिटी सगळ्यांची डिफॉल्ट ३२७६८, कोणी हात लावलेला नसतो, त्यामुळे ज्याचा मॅक लहान तो राजा. एकाच कंपनीचे स्विच असतील तर साधारणपणे जुन्याचा मॅक लहान निघतो, म्हणजे घरात जो सगळ्यात म्हातारा, सगळ्यात स्लो, ज्याला काढून टाकायचं तीन वर्षं ठरतंय, तोच गादीवर.

‘शो स्पॅनिंग-ट्री’ मारलं. रूटचा मॅक सात स्विचच्या यादीशी जुळवला. वर्कशॉप.

वर्कशॉपमधला स्विच म्हणजे लेथ मशीनच्या मागच्या भिंतीवर, वर धातूचा कीस बसलेला, पंखा घरघरणारा डबा. त्याच्यावर एक हजेरीचं मशीन आणि दोन पीसी. तो अख्ख्या कॉलेजचा रूट.

आता त्या कागदावर हिशोब करून बघा. जुन्या कॉस्टच्या पद्धतीत १०० एमबीपीएसला १९ आणि १ जीबीपीएसला ४. वर्कशॉप रूट, म्हणजे लायब्ररी १९ वर, कॉम्प्युटर १९ वर. सर्व्हर रूमला लायब्ररीतून १९+४ = २३, कॉम्प्युटरमधूनही २३, बरोबरी झाली की शेजाऱ्यांपैकी ज्याचा आयडी लहान तो जिंकतो, आमच्याकडे लायब्ररी. त्यामुळे सर्व्हर रूम ते कॉम्प्युटर ही जी सरळ गिगाबिट फायबर तिच्यावर आम्ही एवढा खर्च केला ती सर्व्हर रूमच्या बाजूने ब्लॉक. लायब्ररी ते कॉम्प्युटर तीही ब्लॉक, दोघं १९ वर, कोणाला कोणाची गरज नाही. तिसरी बंद लिंक ऑफिसच्या कडेची, तिने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

म्हणजे कॉम्प्युटर लॅबमधल्या पोराचं पॅकेट इंटरनेटला कसं जायचं? कॉम्प्युटर, मग वर्कशॉप, मग लायब्ररी, मग सर्व्हर रूम. स्वारगेटहून डेक्कनला जायला हडपसरमार्गे. आणि हॉस्टेल कॉम्प्युटरलाच लटकलेलं, म्हणून तेही त्याच वरातीत. शंभरची सपाट रेघ इथून आली. एकूण कॉस्ट मांडलं तर हे झाड ५४ चं होतं आणि ३९ चं झाड उपलब्ध होतं, पण प्रोटोकॉलला ५४ आणि ३९ शी काही कर्तव्य नाही.

आणि गुरुवार? वर्कशॉपला मोठ्या मशीनांमुळे वेगळं मीटर आहे, जनरेटरवर नाही, आणि त्या स्विचला यूपीएस नाही. मी वर्कशॉपच्या मामांना विचारलं तर ते म्हणाले, "लाईट गेली की तो पण जातो, येतो परत लाईट आली की. त्यात काय." वर्षभर मी यूपीएसचे लॉग तपासत होतो आणि ज्याला यूपीएसच नाही त्याचा लॉग कुठून असणार.

लाईट गेली की रूट गायब, उरलेल्यात लायब्ररी रूट होते, लायब्ररी ते कॉम्प्युटर गिगाबिट उघडते, आणि दहा ते चार हॉस्टेल खूश. लाईट आली की म्हातारा परत गादीवर.

५० आणि ३०

हा भाग मला सगळ्यात आवडला म्हणून थोडा रेंगाळतो. दर सेकंदाला पिंग मारणारी एक छोटी स्क्रिप्ट लॅबमधल्या पीसीवर लावून ठेवली होती. पुढच्या गुरुवारी सकाळचा खंड निघाला पन्नास सेकंदांच्या आसपास, दुपारचा तीसच्या आसपास. हे आकडे बघून ज्याने एसटीपी वाचलंय त्याने तिथेच टेबलावर हात आपटायला हवा होता. मॅक्स एज २० सेकंद, फॉरवर्ड डिले १५, तो दोनदा लागतो, एकदा लिसनिंगमध्ये आणि एकदा लर्निंगमध्ये (पोर्ट पूर्ण उघडण्याआधीचे दोन टप्पे). २० + १५ + १५ = ५०. आणि नुसतं १५ + १५ = ३०.

सकाळी ५० का? स्विच बंद पडला तर समोरच्या पोर्टची लिंक लगेच डाऊन व्हायला हवी, मग २० सेकंद वाट बघायची गरजच नाही. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर आहेत. कॉम्प्युटरच्या बाजूचा कन्व्हर्टर तिथल्या यूपीएसवर जिवंत, फायबरकडून काही येत नसलं तरी तांब्याच्या बाजूला तो लिंक चालू दाखवत राहतो (काही कन्व्हर्टरना लिंक फॉल्ट पुढे पाठवायची सोय असते, आमच्या स्वस्तातल्यांना नाही). त्यामुळे स्विचला वाटतं पलीकडचा आहे, फक्त बोलत नाहीये. तो २० सेकंद बीपीडीयूची वाट बघतो, मग रूट मेला असं मान्य करतो, मग ब्लॉक असलेला पोर्ट दोन टप्प्यांत उघडतो.

दुपारी ३० का? वर्कशॉपचा स्विच बूट होताच आपला लहान आयडी जाहीर करतो, कॉम्प्युटर लगेच म्हणतो वा, रूट परत आले, आणि लायब्ररीकडची चांगली गिगाबिट वाट स्वतः बंद करून तोंड वर्कशॉपकडे फिरवतो. पण वर्कशॉपचे स्वतःचे पोर्ट अजून लिसनिंग-लर्निंगमध्ये, ३० सेकंद ते काही पुढे पाठवणार नाहीत. तोपर्यंत कॉम्प्युटर आणि हॉस्टेल अधांतरी. लायब्ररी, सर्व्हर रूम, ऑफिस यांची आपसातली वाट या सगळ्यात बदलतच नाही म्हणून त्यांना कधी कळलंही नाही. फक्त दोनच जागांची तक्रार का, हे कोडं वर्षभर छळत होतं, ते कागदावर दोन मिनिटांत सुटलं.

काय केलं

सर्व्हर रूमच्या स्विचची प्रायॉरिटी ४०९६ केली. प्रायॉरिटी ४०९६च्या पटीतच देता येते, मधला आकडा टाकला तर स्विच घेत नाही. लायब्ररीला ८१९२, म्हणजे सर्व्हर रूम गेलं तर पुढचा वारस ठरलेला. बाकीचे ३२७६८ वर तसेच. हे काम रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी करा, कारण बदल मारल्या मारल्या सगळं झाड नव्याने बसतं आणि पाऊण मिनिट शांतता असते, परीक्षेच्या दिवशी करून मग मला शिव्या देऊ नका.

आता परत कागदावर: लायब्ररी ४, कॉम्प्युटर ४, ऑफिस ४, हॉस्टेल ८, सेमिनार ८, वर्कशॉप २३. बंद लिंक तीनच, पण आता योग्य त्या. वर्कशॉपच्या दोनपैकी एक, सेमिनारच्या दोनपैकी एक, आणि लायब्ररी-कॉम्प्युटर. वर्कशॉप झाडाच्या टोकाचं पान झालं. पान गळलं तर झाडाला काही होत नाही, त्याची लाईट जाऊ दे नाहीतर राहू दे.

दुसरं, मोड बदलला. सगळ्या स्विचवर जुना एसटीपी लावलेला होता, बहुधा त्या वर्कशॉपच्या डब्याशी जुळावं म्हणून कोणीतरी केलं असेल. रॅपिड, म्हणजे ८०२.१डब्ल्यू, २००१ पासून आहे आणि त्यात तीन हेलो (ठरावीक वेळाने येणारे बीपीडीयू) चुकले की, म्हणजे ६ सेकंदांत, शेजारी गेला असं धरतात, आणि दोन स्विचमधली पॉईंट टू पॉईंट लिंक तर विचारपूस करून जवळपास लगेच उघडते. जुना डबा रॅपिड बोलत नाही, तरी चालतं, त्याच्या समोरचे पोर्ट तेवढे जुन्या भाषेत बोलतात.

तिसरं, पीसी लावलेल्या पोर्टना एज किंवा पोर्टफास्ट, म्हणजे ते पोर्ट न थांबता लगेच उघडतात. हे नव्हतं म्हणून सकाळी लॅब चालू केली की काही पीसींना १६९.२५४ चा पत्ता यायचा, पोर्ट तीस सेकंद गप्प आणि तोवर विंडोज डीएचसीपीची (आयपी पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरची) वाट बघून कंटाळलेलं असायचं. वरून प्रत्येक पीसी चालू-बंद झाला की टोपोलॉजी बदलली असा डांगोरा सगळीकडे पिटला जायचा आणि मॅक टेबलं लवकर पुसली जायची. हे सुधारलं तेव्हा कळलं की हाही आजार होता, आम्हाला वाटायचं पीसीच जुने.

आणि या एज पोर्टवर बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आला की पोर्ट बंद) नक्की लावा. आमच्याकडे नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला पोरं स्विचची प्रायॉरिटी ० करायला शिकतात, चांगलं आहे, शिकावंच, पण तोच स्विच भिंतीतल्या पोर्टला जोडला तर ४०९६ वाला राजा पदच्युत आणि गुरुवारची गोष्ट सोमवारी सुरू. वर्कशॉपकडे जाणाऱ्या पोर्टना रूट गार्ड लावलाय, तिथून कोणीही येऊन मी रूट म्हणाला तर ऐकायचं नाही.

व्हीलॅनप्रमाणे (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) वेगळं झाड चालवणारे स्विच असतील तर प्रायॉरिटी प्रत्येक व्हीलॅनला द्यायला विसरू नका, एका व्हीलॅनला दिली आणि बाकीच्यांचा रूट अजून वर्कशॉपमध्येच अशी अर्धवट अवस्था शोधायला आणखी वाईट.

मग महिनाभराने अख्खं नेटवर्क झोपलं

गुरुवार संपले आणि एका मंगळवारी सगळंच बंद. हे वेगळं होतं, आपोआप येईना. सगळ्या स्विचचे दिवे एका तालात लुकलुकत होते, गणपतीच्या माळा जणू, आणि लॉगमध्ये एकच मॅक क्षणात या पोर्टवर क्षणात त्या पोर्टवर. ही लूपची खूण.

झाडाचा एक गुण इथे उपयोगी पडतो. झाडातली कुठलीही रेघ तोडली तर त्याचे बरोबर दोन तुकडे होतात, ग्राफ थिअरीत अशा रेघेला ब्रिज म्हणतात (स्विचलाही जुन्या भाषेत ब्रिजच म्हणायचे आणि कोनिग्सबर्गलाही ब्रिजच होते, कोणाचं डोकं फिरलं तर दोष देणार नाही). म्हणजे मधली एक केबल उपटायची, बघायचं कुठला अर्धा शांत झाला आणि कुठला अजून थयथयाट करतोय, मग त्या अर्ध्यात परत मधली. फक्त आधी ब्लॉक असलेल्या लिंकही काढून ठेवा, नाहीतर एक उपटली की रॅपिड लगेच दुसरी उघडतो आणि तुम्ही गोल फिरत बसता. तीन केबलींमध्ये सेमिनार हॉलपर्यंत पोचलो. तिथे टेबलाखाली आठ पोर्टचा साधा अनमॅनेज्ड स्विच आणि एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. कोणीतरी सुटी केबल बघून व्यवस्थितपणे आवरून ठेवली होती.

मग एसटीपीने हे का पकडलं नाही? कारण असे डबे दोन जातीचे. काही बीपीडीयू तसाच पुढे पाठवतात, मग वरच्या मॅनेज्ड स्विचला स्वतःचाच निरोप परत आलेला दिसतो आणि तो पोर्ट बंद करतो. काही बीपीडीयू गिळून टाकतात पण ब्रॉडकास्ट मात्र आनंदाने फिरवतात. आमचा दुसऱ्या जातीचा. प्रोटोकॉलच्या दृष्टीने तिथे चक्र नव्हतंच, त्याच्या ग्राफमध्ये ती रेघ दिसतच नव्हती. यावर उपाय म्हणजे स्विचचं स्वतःचं लूप डिटेक्शन (ते वेगळ्या प्रकारची फ्रेम पाठवतं जी असे डबे गिळत नाहीत) आणि प्रत्येक एज पोर्टवर ब्रॉडकास्टला मर्यादा, स्टॉर्म कंट्रोल. दोन्ही लावले.

एक गोष्ट लांबीबद्दल. डिफॉल्ट टायमर धरताना दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त सात स्विच असतील असं गृहीत आहे. जुन्या झाडात हॉस्टेलहून ऑफिसला जायला सहा स्विच पार करावे लागायचे, कोणी हॉस्टेलच्या टोकाला आणखी दोन लटकवले असते तर आम्ही सातच्या पलीकडे. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस या हॉस्पिटलचं नेटवर्क असंच वाढत वाढत या मर्यादेबाहेर गेलं होतं आणि लूप होऊन काही दिवस डॉक्टर-नर्स कागदावर काम करत होते. नव्या झाडात आमचं तेच अंतर चार स्विचचं आहे.

कागदाने एक नवीन डोकेदुखीही दाखवली. एवढी तीन चक्रं आहेत पण हॉस्टेल कुठल्याच चक्रात नाही. कॉम्प्युटर ते हॉस्टेल ही रेघ तुटली किंवा कॉम्प्युटरचा स्विच गेला तर हॉस्टेल गेलं, बाकी कितीही जास्तीच्या लिंक टाका. लायब्ररी ते हॉस्टेल एक फायबर टाकली की रेघा दहा, चक्रं चार, आणि हॉस्टेलला दुसरी वाट. फायरवॉलच्या त्या कोटेशनच्या जागी आता या फायबरचं कोटेशन टेबलावर आहे, अकाउंट्सवाल्यांना चित्र दाखवलं तर ते म्हणाले आत्ता तर नेट चालू आहे ना.